‘हजर’ खोडून

तीन निवडणुका जिंकले, विधानसभेच्या आरोग्य समितीची अध्यक्ष झाले, पण लोकांच्या तोंडी मी अजून सिस्टरच. चौदा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, तेव्हाचं ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मीही ते सुटू दिलं नाही. पोस्टरवर छापून घेतलं, ‘आपली सिस्टर’. विरोधक म्हणायचे, हिला इंजेक्शन टोचण्यापलीकडे काही येत नाही. मी म्हणायचे, मला ते तरी येतं, तुम्हाला नुसतं टोचून बोलता येतं. लोक हसायचे आणि मतं द्यायचे. जीभ तेव्हा फार चालायची माझी. आता जे सांगायचंय तिथे ती अडखळते, म्हणून आधीच सांगून टाकते, की ही माझ्या लाजेची गोष्ट आहे.

एका कायद्याला लोक ‘सिस्टरचा कायदा’ म्हणतात. गावोगावच्या छोट्या आरोग्य केंद्रांत सकाळी आठ ते संध्याकाळी आठ नर्स असलीच पाहिजे, यासाठी मी तो आणला. त्याआधी केंद्राला कुलूप आणि कुलपाला गंज, असा कारभार होता. नऊ वर्षांपूर्वी तो मंजूर झाला आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर निळी पाटी लागली: ‘परिचारिका उपलब्ध आहे. या क्रमांकावर फोन करा.’ पाटीच्या कोपऱ्यात माझा फोटो होता. हसरा.

यंदा अशाच एका पाटीखाली, बाकावर, एक शिंपी वारला. दुपारचे तीन वाजले होते. छातीत कळ आली म्हणून बायको त्याला शेजाऱ्याच्या गाडीतून घेऊन आली, तर दाराला कुलूप. तिने पाटीवरच्या क्रमांकावर अकरा वेळा फोन केला. एकदाही कुणी उचलला नाही. चाळीस मिनिटांनी शिंपी गेला. मापं घ्यायची टेप गळ्यात तशीच होती, असं पेपरात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सभागृहात उभी राहिले आणि टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, “मी स्वतः नर्स होते. खिशातला फोन अकरा वेळा वाजतो आणि बाई तो उचलत नाही, याला नर्स म्हणत नाहीत. ती कोण आहे हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तिची नोंदणी रद्द करा, पुन्हा कुठल्या पेशंटला हात लावता कामा नये तिने!” दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. विरोधकांनीही वाजवली, जे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला तडकाफडकी निलंबित केलं आणि नोंदणी रद्द करायची की नाही, त्याची चौकशी माझ्याच समितीकडे आली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“पेपरवाले आलेत बारकीच्या दारात,” ती म्हणाली.

“का? काय झालं?”

आई म्हणाली, “अगं, तू कुणाला बोलत होतीस तेही तुला ठाऊक नाही? ती नर्स म्हणजे आपली बारकी.”

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण. लहानपणी काडीसारखी होती म्हणून बारकी. आता दारातून आडवी होऊन जावं लागतं, पण नाव बदललं नाही. माझ्या पाठोपाठ तीही नर्सिंगला गेली. तिचं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे बाहेर कुणाला नातं माहीत नव्हतं. आणि ती कुठल्या केंद्रावर आहे, हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या राज्याच्या केंद्रांचे आकडे मला तोंडपाठ होते आणि सख्खी बहीण कुठे बसते ते नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

रविवारी तिच्याकडे गेले. ती ओट्याशेजारच्या टेबलावर युनिफॉर्मला इस्त्री करत होती. निलंबित बाई कशाला इस्त्री करतेय, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

“बस ताई,” ती म्हणाली. इस्त्री थांबवली नाही.

“मला खरंच माहीत नव्हतं गं तू आहेस म्हणून.”

“दुसरी कुणी असती तर चाललं असतं?”

तिने कॉलर उलटी केली, तिच्यावर पाणी शिंपडलं.

“काय झालं होतं त्या दिवशी?” मी विचारलं.

“माझ्याकडे पाच केंद्रं आहेत. एक बाई, पाच पाट्या. त्या दिवशी चौथ्या केंद्रावर बाळंतपण होतं. बाळाचं डोकं बाहेर आलेलं आणि खांदा अडकला. तू केलीयत अशी बाळंतपणं, तुला काय सांगायचं. ॲप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. मी मोजत होते. अकरा. दोन्ही हात आत, फोन कुठल्या हाताने उचलू?”

“बाळ?”

“मस्त आहे. मुलगी. भोकाड पसरते नुसती.” तेवढ्यापुरती ती हसली. मग इस्त्री उभी करून ठेवली. “पाच केंद्रं एकीला जमत नाहीत, हे सांगायला तुझ्या ऑफिसला तीनदा फोन केला होता मी. गेल्या वर्षी दोनदा आणि यंदा एकदा. म्हटलं, ताई कायदा करणारी आहे, तिला कळेल. तुझ्या माणसाने तिन्ही वेळा काय सांगितलं, ठाऊक आहे? ‘सिस्टर आत्ता उपलब्ध नाहीत.’”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझी सवय जाईना. मान खाली घालायच्या ऐवजी मी माझी जुनी कैफियत काढली, गेली नऊ वर्षं प्रत्येक सभेत काढायचे तीच.

“माझ्या मसुद्यात ‘हजर’ होतं गं. ‘परिचारिका हजर असेल’ असंच होतं. वित्तवाल्यांनी शेवटच्या क्षणी ध चा मा केला. ‘हजर’चं ‘उपलब्ध’ केलं. हजर म्हटलं की प्रत्येक केंद्राला वेगळी बाई नेमावी लागते, उपलब्ध म्हटलं की एकीला पाच ठिकाणी टांगता येतं. मी किती भांडले त्या शब्दासाठी!”

बारकीने माझ्याकडे पाहिलं. त्या पूर्ण भेटीत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“मग हेच सांग ना गुरुवारी समितीला. त्या बाईला फोन उचलता आला नाही यात तिची चूक नाही, हा शब्द अमक्याने बदलला, असं सांग. एवढं केलंस तरी माझी नोंदणी वाचेल. मला दुसरं काही नको. मला दुसरं काही येतही नाही, ताई.”

“सांगते,” मी म्हटलं. अगदी छातीठोकपणे म्हटलं.

सोमवारी मी विधानभवनाच्या तळघरात अभिलेख कक्षात गेले. तिथे कायद्यांचे मूळ मसुदे ठेवतात, कुणी काय खोडलं, काय घातलं, सह्यांसकट. मसुदा विभागाचे काका तिथेच बसतात. एका स्वल्पविरामावरून ते एकदा मंत्र्यांशी दोन दिवस भांडले होते, तेव्हापासून सगळे त्यांना स्वल्पविराम काका म्हणतात. निवृत्तीला चार महिने राहिलेले, कानावर पेन्सिल.

“काका, माझ्या कायद्याची फाइल हवी. ‘हजर’ कुणी खोडलं, ते नावानिशी दाखवायचंय मला.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “नक्की बघायचंय, सिस्टर?”

“म्हणजे काय?”

ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. कलम चार. टाइप केलेल्या ओळीत ‘हजर’ या शब्दावर निळ्या शाईची एक आडवी रेघ होती. वर सुवाच्य, गोल, सुटसुटीत अक्षरात ‘उपलब्ध’. समासात सही.

वॉर्डात माझ्या अक्षराचं सगळ्यांना कौतुक होतं. डॉक्टर म्हणायचे, सिस्टरचा चार्ट आंधळ्यालाही वाचता येईल. आता मला आंधळेपणाची सोय उरली नव्हती. अक्षर माझं होतं. सहीही माझी.

“हे... हे त्यांनी लिहून घेतलं असेल माझ्याकडून.”

“शेवटचा दिवस होता अधिवेशनाचा,” काका म्हणाले. “वित्तचे लोक म्हणाले, ‘हजर’ राहिलं तर विधेयक निवडणुकीनंतरच्या सभागृहावर ढकला, पैसे बघून ठरवू. तुम्ही म्हणालात, निवडणुकीआधी झालंच पाहिजे. त्यांनी शब्द सुचवलाच नाही. पेन तुम्ही माझ्या हातातून घेतलंत. मी म्हटलं होतं, सिस्टर, हजर म्हणजे हजर. उपलब्ध तर दुकानात मालही असतो. त्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

आठवत नव्हतं. मग आठवलं. आठवायला लागलं की सगळंच आठवतं, खोलीतल्या पंख्याच्या आवाजासकट.

“मी म्हटलं, एका शब्दाने कुणी मरत नाही.”

काकांनी फाइलची नाडी बांधली. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, एवढे ते सभ्य होते.

मी खोटं बोलत होते, असं म्हणणं सोपं आहे. त्याहून वाईट झालं होतं. पहिल्या सभेत मी ती कैफियत सांगितली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या सभेत थोडी रंगवली. पाचव्या-सहाव्या सभेपासून ती मला खरी वाटायला लागली. नऊ वर्षं मी वित्तवाल्यांच्या नावाने बोटं मोडली आणि नाकाने कांदे सोलले, आणि ज्या हाताने शब्द खोडला तोच हात वर करून टाळ्या घेतल्या. त्या कागदाची छायाप्रत घेऊन मी जिना चढले.

गुरुवारची चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत होती. मधल्या खुर्चीत मी, दोन्ही बाजूंना सदस्य, समोर साक्षीदाराची एकटी खुर्ची, मागे पेपरवाले. बारकी आली ती इस्त्रीचा युनिफॉर्म घालून. मग मला कळलं, रविवारी ती कशाची तयारी करत होती.

आधी शिंप्याच्या बायकोची साक्ष झाली. बारीक चणीची बाई, बोटांना सुयांचे घट्टे. ती रडली नाही. तिच्याकडून फोनची वेळ, मिनिटं, सगळं विचारून झाल्यावर वकील असलेले आमचे एक सदस्य म्हणाले, “पण बाई, दाराला कुलूप दिसलं तेव्हाच तुम्ही मोठ्या दवाखान्यात का नाही गेलात? गाडी होती की.”

“गाडीवाल्याला मीच पाठवलं परत,” ती म्हणाली. “मला वाचता येतं. पाटी वाचली मी, उपलब्ध आहे म्हणून. म्हटलं, इथेच कुठेतरी असतील सिस्टर, येतील आत्ता. हे म्हणत होते, पुढे जाऊ. मीच म्हटलं, थांबा. सरकारने लिहिलंय ते खोटं कशाला असेल.” मग तिने विचारलं, “मी चुकले का?”

मला बोलायचं होतं आणि माझ्या समोरच्या फायलीत तो कागद होता, पण मी पाण्याचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. त्या घोटाचीही मला लाज वाटते.

नंतर बारकी. वकील सदस्यांनी विचारलं, “त्या दिवशी तीन वाजता तुम्ही कायद्याप्रमाणे उपलब्ध होता की नव्हता? हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो. उपलब्ध होते,” बारकी म्हणाली. “पाचही ठिकाणी उपलब्ध होते. हजर एकाच ठिकाणी होते.”

पेपरवाल्यांच्या पेनांचा आवाज झाला. वकील सदस्य म्हणाले, शब्दांचे खेळ नकोत. बारकी म्हणाली, “मी नाही खेळले, साहेब.” ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ही माझी बहीण आहे आणि हिला माहीत आहे शब्द कुणी बदलला, एवढं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. तिने ते माझ्यासाठी ठेवलं होतं. मी तिला शब्द दिला होता ना.

जेवणाची सुट्टी झाली. समितीचे सचिव माझ्या मागोमाग खोलीत आले. मी सकाळीच त्यांना नात्याचं सांगितलं होतं. माणूस हुशार, माझं भलं चिंतणारा.

“मी नियम बघितलेत, सिस्टर. दुपारी सुरुवातीलाच नातं जाहीर करा आणि अध्यक्षपद सोडून बाहेर जाऊन बसा. लोक म्हणतील, बाई किती नीतीची. नोंदणीचा निर्णय बाकीचे घेतील, तुमच्या हाताला रक्त नाही. सुंठीवाचून खोकला गेला.”

“आणि तिची नोंदणी?”

“ती जाईल बहुतेक,” ते म्हणाले. “पेपर तापलेत. कुणाला तरी जावं लागणार.”

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. पाच मिनिटं चांगलं पटलं. बाहेर जाणं, प्रतिष्ठेने जाणं, शिवाय टाळ्या. मूळ कागद तळघरातच राहिला असता आणि काका चार महिन्यांनी निवृत्त झाले असते. मी चेहरा धुतला, आरशात बघून केस सारखे केले आणि निवेदन काय करायचं ते मनात जुळवत खोलीत आले.

सुट्टीनंतर पुन्हा हजेरी घ्यायचा नियम आहे, गणपूर्तीसाठी. सचिव वहीतून एकेका सदस्याचं नाव घेत गेले आणि सदस्य मान न उचलता ‘हजर’ म्हणत गेले. वकील सदस्य हजर. शेतीवाले सदस्य हजर. मग सचिव म्हणाले, “समिती अध्यक्ष?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

नाटक नव्हतं ते. शब्द खरंच येईना. लहान मुलालाही येणारा शब्द. सचिवांनी पुन्हा म्हटलं, “समिती अध्यक्ष?” पेपरवाल्यांनी माना वर केल्या. मी उघड्या फायलीतल्या त्या आडव्या रेघेकडे बघत बसले.

आमची शाळा एका खोलीची होती, दोन इयत्ता एकत्र बसायच्या. मला वर्गात बसवत नसे. मी पळून दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे, कंपाउंडर जखमा कशा बांधतो ते बघायला. माझ्या सगळ्या कारकिर्दीची सुरुवात त्या गैरहजेरीतच झाली. गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा बारकी दोनदा ओरडायची. एकदा स्वतःसाठी बारीक आवाजात, एकदा माझ्यासाठी जाडा आवाज काढून. कधी पकडली गेली नाही. मला हे तीस वर्षांत आठवलं नव्हतं.

“हजर,” साक्षीदाराच्या खुर्चीतून आवाज आला. जाडा काढलेला.

सगळे वळले. बारकीने ओठांवर हात ठेवला होता. तिचं तिलाच कळलं नव्हतं ती काय बोलून गेली ते. सचिव म्हणाले, “साक्षीदाराने मध्ये बोलू नये.”

“चुकून आलं तोंडातून,” बारकी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्यासाठी लाजायची वेळसुद्धा मी तिच्यावरच आणली.

मी उठले. मधली खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. जुळवलेलं निवेदन विसरले. विसरले ते बरंच झालं.

“ही माझी सख्खी बहीण आहे,” मी म्हटलं. “पण मी अध्यक्षपद सोडतेय ते त्यासाठी नाही. मला साक्ष द्यायचीय. कलम चारमधला ‘हजर’ हा शब्द मी खोडला. माझ्या हाताने. वित्त विभागाने तो खोडला असं मी नऊ वर्षं सांगत आले, ते खोटं होतं. मला निवडणुकीआधी कायदा हवा होता, एवढंच कारण. ही बाई पाच पाट्यांना पुरी पडली नाही, कारण कुणीच पडलं नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी नर्स होते.”

कागद टेबलावर ठेवला. तो हातोहात फिरला. वकील सदस्यांनी बराच वेळ धरून ठेवला, मग पुढे दिला. बारकीची नोंदणी त्याच दुपारी कायम झाली आणि निलंबन रद्द करायची शिफारस गेली. कायदा मात्र एका दिवसात बदलत नाही. ‘उपलब्ध’ अजून तिथेच आहे. दुरुस्तीचं विधेयक मी दिलंय, पण माझ्या नावाने दिलेल्या विधेयकावर आता कोण सही करणार, बघू.

पेपरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी मला धैर्यवान म्हटलं. मी पेपर उलटा करून ठेवला. आई म्हणाली, फोटो चांगला आलाय. बारकी तेव्हापासून माझ्याशी बोलते, पण जपून बोलते. तिने एकदाच त्याचा विषय काढला. म्हणाली, “जेवणाच्या सुट्टीआधी का नाही उठलीस गं?”

पण मला सांगायचंय ते त्या खोलीतलंच. कागद फिरत फिरत मागच्या रांगेत पोचला तेव्हा शिंप्याच्या बायकोने तो मागून घेतला. दोन्ही हातांनी धरला, खिडकीच्या उजेडात नेला, शिवण तपासतात तसा डोळ्यांजवळ आणला. खोडलेला शब्द वाचला, वरचा वाचला.

“हे तुमचं अक्षर?” तिने मला विचारलं.

“हो.”

तिने कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिला.

“छान आहे,” ती म्हणाली. “पाटीवर असंच असतं तर लांबूनच वाचता आलं असतं. मी त्यांना गाडीत एकटं सोडून दारापर्यंत गेले होते वाचायला.”